जुना वागीश्वरी हाफ प्लेट कॅमेरा: भाता, काच, होल्डर यांची घरच्या घरी दुरुस्ती

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बंद झालेल्या एका स्टुडिओच्या सामानातला वागीश्वरी हाफ प्लेट कॅमेरा (४¾×६½ इंचाच्या प्लेटवर फोटो घेणारा) दुरुस्तीला घेतला आहे. आलप्पुळाच्या वागीश्वरी कॅमेरा वर्क्सचा, म्हणजे के. करुणाकरन यांच्या कारखान्याचा. सागवानी सांगाडा, पितळी फिटिंग. अवस्था अशी:

भाता (लेन्स आणि मागची चौकट जोडणारी घड्यांची नळी) चामड्याचा, कडक, घड्यांच्या कोपऱ्यांत भोकं. मागची घासलेली काच (जिच्यावर चित्र बघून फोकस करतात) फुटून अर्धीच उरलीय. प्लेट ठेवायचे, पुस्तकासारखे उघडणारे दुहेरी होल्डर तीन, एकाची बिजागरी ढिली. रॅक-पिनियन (फोकससाठी सरकवणारी दातेरी पट्टी आणि चक्र) जाम. लेन्स पितळी, शटर नाही, भिंगाच्या कडेला पिवळट झाक. मागच्या चौकटीचा एक सांधा सुटलाय.

बेत असा की आधी लाकूड घासून पॉलिश, पितळ चकचकीत, मग नवा भाता. ५×४ फिल्मचं अडॅप्टर नको, पूर्ण हाफ प्लेटच हवी. क्रम बरोबर आहे का? आणि भाता दुरुस्त होतो की नवाच लागतो?

रंधा

क्रम उलटा करा. पॉलिश सगळ्यात शेवटी.

कारणं साधी आहेत. पॉलिश सांध्यात उतरलं की तिथे सरस धरत नाही. शिकंजा लावला की नव्या पॉलिशवर वळ उठतात. भात्याची कड चौकटीला चिकटवायला कोरं लाकूड लागतं. आणि सँडपेपर तर या कॅमेऱ्याला दाखवूच नका. पितळी पट्ट्या लाकडात खाचा करून समपातळीत बसवलेल्या असतात. लाकूड अर्धा मिमी घासलं गेलं की पट्टी वर येते, तळपट्टी (लेन्सची चौकट वाहणारी खालची फळी) सरकताना अडते. होल्डर ज्या खाचेत सरकतो ती रुंदावली की उजेड आत.

आधी फोटो काढत मोकळा करा. स्क्रू एका पुठ्ठ्यावर कॅमेऱ्याचं कच्चं चित्र काढून त्या-त्या जागी टोचून ठेवा. हाताने बनवलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक स्क्रू आपल्या भोकातच नीट बसतो, शेजारचा चालत नाही. पेचकसाचं टोक खाचेच्या लांबी-जाडीला कानशीने जुळवून घ्या, नाहीतर पितळी डोकं सोलवटतं. हटत नसेल तर सोल्डरिंग आयर्न डोक्यावर अर्धा मिनिट टेकवा आणि कोमट असतानाच फिरवा. गंज सोडवायचं तेल मात्र मारू नका. ते लाकडात मुरतं, मग त्या जागी ना सरस धरतो ना लाख.

सुटलेला सांधा: आधी कोमट पाण्याच्या फडक्याने जुना सरस धुऊन काढा. पाण्याने चिकट होऊन सुटला तर तो प्राण्यांचाच सरस. नवा लावायचा तर १ भाग दाणेदार सरस २ भाग थंड पाण्यात रात्रभर भिजवा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवा. उकळी फुटली तर ताकद गेली, फेकून द्या. सागवान तेलकट असतं, म्हणून लावण्याआधी सांध्याच्या दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा. शिकंजात २४ तास. गुण्या लावून चौकट काटकोनात आहे ना हे सरस ओला असतानाच बघा, नंतर बघून उपयोग नाही.

निगेटिव्ह_नाना

रंधाशेठ, एवढा खटाटोप कशाला? फेव्हिकॉल सांध्यात भरा, विषय संपला.

रंधा

नाना, जुन्या सरसावर फेव्हिकॉल धरत नाही. जुना पूर्ण काढला तर धरेल, अगदी पक्का धरेल. पण पुढे कुणाला तो सांधा उघडायचा झाला तर लाकूड फाटेल. सरस कोमट पाण्याने सुटतो. कॅमेरा पुन्हा उघडावा लागणारच, हे धरून चालायचं.

छिद्रान्वेषी

नावाला जागतो आणि भात्याचं बोलतो.

निकाल टॉर्चने लावा. खोली पूर्ण अंधारी करून भाता पूर्ण ताणा, मोबाइलचा टॉर्च आत ठेवा, मागची बाजू काळ्या कापडाने बंद करा. डोळे अंधाराला सरावायला पाच-दहा मिनिटं द्या; घाई केली तर बारीक भोकं दिसतच नाहीत. टॉर्च एका जागी ठेवून चालत नाही, चारही कोपऱ्यांकडे वळवत राहा. जिथे ठिपका चमकेल तिथे खडूची खूण. भोकं बहुतेक कोपऱ्यांच्या टोकावर सापडतील, कारण तिथे घडी दोन दिशांनी मुडपते आणि आत पट्टीचा आधारही नसतो.

आता चामडं बोटाने चोळा. तांबूस भुकटी आली तर ते आतून कुजलंय. ठिगळ त्या भुकटीला चिकटेल, चामड्याला नाही. असा भाता नवाच करायचा. भुकटी नाही, चामडं वाकतंय आणि भोकं दहा-बाराच्या आत आहेत, तर दुरुस्ती. पातळ काळ्या सुती कापडाच्या ८×२० मिमी पट्ट्या, बाइंडिंगचा लवचीक पांढरा गोंद, भाता अर्धा मिटलेला असताना प्रत्येक कोपऱ्यावर एक. वाळेपर्यंत घड्यांमध्ये मेणकागद सरकवून ठेवा, नाहीतर घड्या एकमेकींना चिकटतात.

चामडं मऊ करायला खोबरेल तेल लावा असा सल्ला हमखास मिळतो. लावू नका. तेल आतल्या पट्ट्यांचा गोंद सोडवतं, पट्ट्या सुटून फिरतात, भाता मिटताना वाकडा होतो. वर पावसाळ्यात बुरशीला आमंत्रण.

निगेटिव्ह_नाना

लिक्विड इलेक्ट्रिकल टेप ब्रशने लावतात तेही सांगा की. पाच मिनिटांचं काम.

छिद्रान्वेषी

तातडीच्या कामाला चालतं. पण थर जाड बसतो, कोपरे फुगतात, मिटलेला भाता तळपट्टीवर मावत नाही आणि मे महिन्यात घड्या एकमेकींना धरून बसतात. कायमचा उपाय म्हणून माझं मत नाही.

पाटीपेन्सिल

भुकटी येतेय. म्हणजे नवाच. मोजलं: मागची बाजू आतून १६५×१६५ मिमी, पुढची ९०×९०, तळपट्टी पूर्ण ताणली की ४०० मिमी. मिटलेल्या भात्याला जागा ४५ मिमी. आतून छत्रीचं काळं कापड चालेल का?

छिद्रान्वेषी

मापं दिलीत हे बरं केलंत.

भाता पूर्ण ताणल्यावरही घड्या थोड्या उरल्या पाहिजेत, सपाट झाला तर कोपरे फाटतात. म्हणून कापडाची लांबी ताणाच्या १.४ पट: ४०० × १.४ = ५६० मिमी. घडीची रुंदी १४ मिमी धरली तर ५६० ÷ १४ = ४० पट्टे. आता जाडी. आतलं कापड ०.२, पट्टीचा कागद ०.३, बाहेरचं आवरण ०.२५, एकूण ०.७५ मिमी. चाळीस पट्टे म्हणजे ३० मिमी. कोपऱ्यांत थर जास्त येतात म्हणून आणखी १० धरा. ४५ मध्ये बसतंय, पण शिल्लक फार नाही. सोफ्याचं रेक्झीन घेतलंत तर गणित तिथेच कोसळतं. बाहेरून बाइंडिंगचं कापड घ्या, किंवा तासून ०.४ मिमी केलेलं बकऱ्याचं चामडं. चामडं घेतलंत तर घडी १६ मिमीची करा, म्हणजे ३५ पट्ट्यांत काम होतं.

छत्रीचं कापड एकेरी घेतलं तर उजेड गाळतं. अंधारात मोबाइलच्या टॉर्चवर धरून बघा, कळेल. रबराचा लेप असलेलं ब्लॅकआउट कापड मिळालं तर तेच घ्या, मात्र पातळ.

कृती. आतलं कापड टेबलावर पसरून त्यावर चार समलंब चौकोन शेजारी शेजारी आखा, रुंद बाजू १६५, अरुंद ९०, उंची ५६०. पाया आणि टोक मिळून कंस होतो, सरळ रेष नाही. जोड तळाच्या बाजूच्या मधोमध आला पाहिजे, त्यासाठी तळाचा चौकोन दोन अर्ध्यांत विभागून दोन टोकांना ठेवा, अधिक १० मिमी दुमड. पट्ट्या ३०० जीएसएमच्या आसपासच्या काळ्या कार्डशीटच्या, १२ मिमी रुंद, दोन पट्ट्यांत २ मिमी फट. ही फट म्हणजेच बिजागरी. पट्ट्यांची टोकं ४५ अंशात कापा, एका पट्टीआड एक आखूड. शेजारच्या बाजूला नेमकं उलट: जिथे इकडे लांब तिथे तिकडे आखूड. ही अदलाबदल चुकली की कोपरा घडीच घेत नाही, आणि ते कळतं सगळं चिकटवून झाल्यावर. म्हणून आधी जुन्या वर्तमानपत्राचा पूर्ण भाता करून घडी घालून बघा. एक संध्याकाळ जाईल, पण कापड वाचेल.

पट्ट्या पांढऱ्या गोंदाने, बाहेरचं आवरण त्यावर, जोड रबर सोल्यूशनने. आणि गोंद पूर्ण वाळायच्या आत घड्या घाला. अरुंद टोकाकडून सुरुवात, बोटांनी चारही बाजू एकेक चिमटत. मिटवून दोन फळ्यांमध्ये रात्रभर वजनाखाली. वाळल्यावर घड्या घालायला गेलात तर पट्ट्या कापडापासून उचकटतात.

भिंगरी

वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे). भात्याचा हा हिशोब एका जागी लिहिलेला प्रथमच वाचला.

लेन्सबद्दल. कॅमेऱ्यावर कोणती लेन्स आहे हे मापावरून ठरत नाही, स्टुडिओवाले हाताला लागेल ती लावत. हाफ प्लेट म्हणजे ४¾×६½ इंच, कर्ण २०४ मिमीच्या आसपास. म्हणून २१० मिमी, म्हणजे सव्वाआठ इंची लेन्स ही साधारण नजरेची. ट्यूबलाइटखाली लेन्सच्या पुढच्या अर्ध्यात प्रतिबिंबं मोजा. दोन ठळक आणि एक अंधुक असेल तर दोन भिंगं चिकटवलेली आहेत. मागच्या अर्ध्यातही तसंच दिसलं तर बहुधा रॅपिड रेक्टिलिनियर जातीची. कडेची पिवळट झाक म्हणजे मधला कॅनडा बाल्सम, म्हणजे भिंगं चिकटवायचा पारदर्शक राळेचा गोंद, जुना झालाय. कडेपुरती असेल तर सोडून द्या, एफ/१६ ला (एफ-आकडा जितका मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) ती कड वापरातच येत नाही. भिंगं उकलून पुन्हा चिकटवायच्या फंदात घरी पडू नका. दोन्हींचा मध्य शतांश मिलिमीटरच्या हिशोबात जुळावा लागतो.

साफ करायला ९९ टक्के आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि धुऊन मऊ झालेलं सुती फडकं. आधी हवा मारून धूळ उडवा, मग पुसा. अल्कोहोल कडेला साचू देऊ नका, बाल्सममध्ये शिरतं. भिंग काढण्याआधी त्याच्या कडेवर पेन्सिलीने बाण काढा, पुढची बाजू कुठली ते नंतर ओळखू येत नाही. आयरिसची, म्हणजे छिद्र लहानमोठं करणाऱ्या पडद्याची, पाती चिकटत असतील तर लायटरचं पेट्रोल, आणि नंतर तेल अजिबात नाही. तेल पात्यांवरून भिंगावर चढतं.

टेम्सकाठचा

भिंगरीताई, एक पुस्ती. जुन्या विलायती लेन्सवर आकडे ४, ८, १६, ३२, ६४ असे असतील तर ते एफ-आकडे आहेत असं गृहीत धरू नका. जुन्या युनिफॉर्म सिस्टिममध्ये ४ म्हणजे एफ/८, ८ म्हणजे एफ/११, १६ म्हणजे एफ/१६, ३२ म्हणजे एफ/२२, ६४ म्हणजे एफ/३२. फक्त १६ दोन्हीकडे सारखा. खात्री करायची सोपी रीत: समोरून भिंगातून दिसणाऱ्या छिद्राचा व्यास पट्टीने मोजा आणि फोकल लांबीला त्याने भागा. २१० मिमीच्या लेन्सवर १३ मिमी दिसलं तर एफ/१६.

फिल्मबद्दलही. इल्फर्ड वर्षातून एकदा वेगळ्या मापांच्या शीट फिल्मच्या ऑर्डरी घेतं, त्या वेळी यादी बघून ठेवा. एरवी ५×७ इंचाची फिल्म अंधारात कापणं हाच रस्ता.

तांबडा_दिवा

आता ज्या गोष्टीवर सगळं अडतं ती. घासलेल्या काचेची पातळी आणि होल्डरमधल्या फिल्मची पातळी एकच पाहिजे. तुमची काच फुटलीय, म्हणजे मूळ पातळी कुठे होती याचा पुरावा अर्ध्या तुकड्यात आहे. तो अजून काढला नसेल तर काढू नका, आधी मोजा.

मोजायचं असं. होल्डरमध्ये फिल्म घाला, झाकणपट्टी (फिल्मपुढची सरकती पट्टी) ओढा, होल्डरच्या तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा. व्हर्नियरच्या मागच्या दांडीने पट्टीच्या वरच्या कडेपासून फिल्मपर्यंत खोली मोजा, पट्टीची जाडी वजा करा. चार कोपरे आणि मध्य, पाच ठिकाणी. तसंच काचेच्या चौकटीचं, घासलेल्या बाजूपर्यंत. ५×४ च्या होल्डरला ५ मिमी हे ठरलेलं माप आहे. या जुन्या हाफ प्लेट होल्डरना तसं भरवशाचं माप नाही, ज्याचं त्याला. म्हणून तिन्ही होल्डर दोन्ही बाजूंनी मोजा आणि काच त्यांच्या सरासरीला जुळवा.

किती फरक चालतो? ढोबळ हिशोब: एफ-आकडा गुणिले ०.१ मिमी, दोन्ही दिशांना. एफ/८ ला ०.८, एफ/१६ ला १.६. ऐकायला ऐसपैस वाटतं, पण फिल्मचा फुगवटा, भिंगाची चौकट किंचित तिरकी, आपली फोकसची चूक हे सगळं त्यातच मोजायचं. काचेचा वाटा ०.३ च्या आत ठेवा. काच मागे न्यायची तर चौकटीच्या कडेवर कागदाच्या पट्ट्या लावा, ८० जीएसएमचा कागद ०.१ मिमीचा भरतो.

होल्डर काचेच्या प्लेटसाठी आहेत हेही विसरू नका. नुसती फिल्म त्यात ढिली पडते. पत्र्याच्या शीद लागतील: तीन बाजूंना कड दुमडलेला काळा पत्रा, फिल्म त्यात सरकते. पत्र्याची कड फिल्मच्या पुढे येते, म्हणून फिल्म प्लेटपेक्षा तेवढी, साधारण ०.३ मिमी, मागे बसते. मोजमाप शीद घालूनच करा.

पाटीपेन्सिल

काच बाजारात तयार मिळते का, की घरी घासायची?

तांबडा_दिवा

घरी घासा. २ मिमी जाडीची साधी काच मापात कापून घ्या, कडा ओल्या दगडावर मोडा. ४०० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पूड चमचाभर, पाण्याचे थेंब, आणि वरून हाताच्या पंजाएवढा दुसरा काचेचा तुकडा. इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा, वजन देऊ नका. पूड करडी-चिकट झाली की धुऊन नवी घ्या. पंधरा-वीस मिनिटांत पूर्ण पृष्ठभाग दुधी होतो. मग ६०० नंबरने आणखी दहा. मध्ये एकदा पूर्ण धुऊन वाळवून उजेडात धरा, कोपरे हमखास राहिलेले असतात. ४०० चा एक दाणा ६०० मध्ये राहिला तर लांबच लांब ओरखडा येतो, म्हणून भांडं, हात, तुकडा सगळं धुवा. पूड कोरडी उडवू नका, श्वासात जाते.

घासलेली बाजू लेन्सकडे. उलटी बसवली तर पातळी दोन मिमीने चुकते आणि प्रत्येक फोटो मऊ येतो. कडा अंधाऱ्या दिसतात म्हणून फ्रेनेल (कडांनाही उजेड देणारं पातळ, सपाट भिंग) लावायची तर काचेच्या आपल्या बाजूला लावा. पुढे लावली तर पातळी पुन्हा सरकते.

पाटीपेन्सिल

अर्धा तुकडा अजून जागेवरच होता. चौकट ६.१ मिमी, होल्डर शीदसकट ६.३ ते ६.५. म्हणजे ०.३ ची पट्टी?

तांबडा_दिवा

हो, ०.३ बरोबर. तीन कागद, चारही बाजूंना सारखे. मग खात्री: टेबलावर पट्टी ४५ अंशात टेकवा, मधल्या आकड्यावर लेन्स पूर्ण उघडी ठेवून फोकस करा, फोटो काढा. निगेटिव्हवर कोणता आकडा धारदार आहे ते बघा. लेन्सच्या जवळचा धारदार आला तर फिल्म काचेच्या मागे पडतेय, लांबचा आला तर पुढे. तीन होल्डर, सहा बाजू, प्रत्येकावर एक.

होल्डरची उजेडगळती एन्लार्जिंगच्या कागदावर तपासा, फिल्म वाया घालवू नका. कागद भरून झाकणपट्टी बंद ठेवून पाच मिनिटं उन्हात, बाजू बदलत. डेव्हलप केल्यावर काळी पट्टी जिथे येईल तिथे गळती. बिजागरीच्या रेषेवर आली तर आतली कापडी पट्टी झिजलीय, पातळ काळ्या मखमलीची नवी लावा. झाकणपट्टीच्या तोंडाशी आली तर तिथली मखमल. मग हाच कागद कॅमेऱ्यात लावून, लेन्सवर टोपी ठेवून, झाकणपट्टी ओढून पुन्हा पाच मिनिटं उन्हात. नव्या भात्याची परीक्षा यातच होते.

रंधा

मधल्या वेळात रॅक-पिनियन. दात दाताच्या ब्रशने केरोसीनमध्ये घासा, पुसून कोरडे करा. ग्रीस नको, धूळ धरून पुन्हा जाम होतं. लाकडी खाचांवर मेणबत्ती घासली की पुरे. ढिल्या स्क्रूच्या भोकात बांबूची कामटी सरस लावून ठोका. नवा पितळी स्क्रू आत फिरवण्याआधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढा, नाहीतर सागवानात पितळाचं डोकं तुटतं. एक खाचेचे पितळी स्क्रू पुण्यात बोहरी आळीत, मुंबईत लोहार चाळीत विचारा, चार दुकानं फिरायची तयारी ठेवा.

आणि आता पॉलिश. आधी दिसत नसलेल्या जागी स्पिरिटचा थेंब टाका. चिकट झालं तर जुनं पॉलिश लाखेचंच आहे, मग काढायचं नाही, त्याच्यावरच चढवायचं. १०० ग्रॅम चपडा लाख ५०० मिली स्पिरिटमध्ये, दोन दिवस मुरवून मलमलीतून गाळून. कापसाचा बोळा मलमलीत गुंडाळून पातळ हात, दोन हातांत तासाचं अंतर. दमट हवेत लाखेवर पांढरट साय धरते, श्रावणात हे काम करू नका. पितळाला चिंच-लिंबू लावून ठेवू नका. आम्ल पितळातलं जस्त खातं आणि गुलाबी डाग पडतात. पॉलिशची पेस्ट लाकडाच्या फटीत पांढरी होऊन बसते, म्हणून पितळी भाग सुटे असतानाच करा. माझं मत विचाराल तर काळपट पितळ तसंच ठेवा. लेन्ससमोर चमकणारं काही नसलेलंच बरं.

पाटीपेन्सिल

सगळ्यांचे आभार. शेवटचं: शटर नाही आणि सुरुवातीला एक्स-रे फिल्म वापरणार आहे. जमेल ना?

तांबडा_दिवा

उत्तम जमेल. उन्हात आयएसओ ५० धरून सुरुवात करा. उघड्या सावलीत एफ/३२ ला पाऊण सेकंदाच्या आसपास येतं, टोपीने करता येण्यासारखं. टोपी आधी काढून लेन्ससमोर तशीच धरा, हलणं थांबलं की बाजूला करा आणि परत आणा. जवळचा विषय असेल तर भात्याचा ताण मोजा. २१० ची लेन्स ३०० ला ताणली तर (३०० ÷ २१०) चा वर्ग, म्हणजे दुप्पट वेळ.

फिल्म लाल दिव्यात हाताळता येते, पण दिवा खरंच लाल पाहिजे. फिल्मचा छोटा तुकडा नाण्याखाली पाच मिनिटं दिव्याखाली ठेवून डेव्हलप करा, नाण्याचा गोल उमटला तर दिवा बदला. ८×१० इंचाच्या एका शीटमधून दोन हाफ प्लेट निघतात. दोन्ही बाजूंना इमल्शन (उजेड टिपणारा थर) असतं आणि ते ओलं असताना नखानेही निघतं, म्हणून ट्रेच्या तळाला काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट. रोडिनल डेव्हलपर १:१००, २० अंश, ७ मिनिटांपासून सुरू करा. नळाचं पाणी ३० अंशाचं असेल तर बर्फाच्या परातीत ट्रे ठेवा. नुसता वेळ कमी करून भागत नाही, गरम पाण्यात इमल्शन मऊ पडून सोलतं.

भिंगरी

फिल्म कापताना मापात १ मिमी कमी ठेवा. शीदच्या दुमडीत अडकली की मध्ये फुगते, आणि मग इतक्या मेहनतीने जुळवलेल्या ०.३ ला अर्थ उरत नाही.